कोमलसाठी लपवलेल्या चुका

३ फेब्रुवारी २००३
सहा पकडल्या! सातवी निसटली.

पुण्याच्या कंपनीची कोमलला अट आहे — तुझा तपासणीचा प्रोग्राम दुसऱ्याने लपवलेल्या चुका पकडतो का ते दाखव, मग नोकरी. 'दुसरा' म्हणजे मी, तिचा नवरा. दिवसभर दोघं कॉम्प्युटर क्लासात पोरांना सी भाषा शिकवतो, संध्याकाळी मी तिच्यासाठी मुद्दाम बिघडवलेले प्रोग्राम लिहितो. चूक एकाच जातीची: मेमरीतली जागा वापरून सोडून द्यायची आणि नंतर आपलीच समजून परत तिथंच लिहायचं. सातव्यात मी ती जागा मधल्या वेळात दुसऱ्या कामाला देऊन टाकली. वरवर सगळं ठीक दिसतं. कोमलचा पहारेकरी प्रोग्राम ढिम्म!

"एवढा लबाडपणा कुठून शिकले तुमी?" म्हणाली. चिडली की फार गोड दिसते.

४ फेब्रुवारी
लाईट नाही. ती कागदावरच सातवीच्या मागे. भाजी मी केली. खारट झाली, तिनं कळू दिलं नाही.

६ फेब्रुवारी
औंढ्याहून परतताना एसटीला ही गर्दी! कोमलनं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. मग वसमतपर्यंत त्याच रुमालाची घडी घालत-मोडत बसली. मला वाटलं, माझंच काही चुकलं. स्टँडवर उतरताना म्हणते, "सुटलेली जागा लगेच दुसऱ्याला द्यायचीच काहून? रुमाल टाकून ठिवू थोडा वेळ. जो रुमाल हलवील तो चोर."

घरी आल्यावर चहासुद्धा घेतला नाही. सुटलेल्या जागेत ठरावीक खूण भरली, जागा अडवून धरली. खूण बिघडली — सातवी सापडली! चांगल्या प्रोग्रामवर मात्र उगीच बोंब नाही. मी टाळ्या वाजवल्या. आता ही पुण्याला जाणार, हे मनातच ठेवलं.

९ फेब्रुवारी
फ्लॉपी पाठवली. कंपनीने माझे बिघडवलेले प्रोग्रामही मागितले होते, तेही दिले.

'जाऊ नको' ओठांवर येतं. गिळतो. तिचं नशीब उघडत असताना आपण मांजरासारखं आडवं कशाला जावं?

"मी गेल्यावर जेवसाल ना बराबर?"
"व्हय," म्हणालो. साफ खोटं.

२१ फेब्रुवारी
कंपनीचा फोन आला. पकडणारे त्यांच्याकडे पुष्कळ आहेत म्हणे. अशा चुका लपवणारा पाहिजे. मला बोलावलंय.

मी नाही म्हणणार, तोच तिनं रिसीव्हर ओढून घेतला. "येतील ते," म्हणाली. फोन ठेवून माझ्याकडे वळली. डोळे भरलेले.

"मी निघून राहिले व्हते, तव्हा तुमी अडवलं का मला?"