मला उचलणारा माणूस

आबा, हे डाव्या हातानं लिहितोय. उजवा हात आणि दोन्ही पाय ब्रह्मदेशाच्या लढाईत गेले, तेव्हापासून अक्षर असंच वाकडं येतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही होतात तोवर लिहिलं असतं, तर गावातल्या कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंत, म्हणून राहिलं.

आई आधीच गेली होती. मला उचलून परसात नेताना तुमचे गुडघे थरथरायचे. आपल्यामागं पोराचं कोण करणार, या काळजीनं तुम्ही गाडीत पेंढा अंथरलात आणि मला घेऊन कुंडलहून निघालात. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "इथं माणूस बरा करून घरी पाठवतो. जन्मभर ठेवून घेत नाही." पाटणकडच्या मठात सांगितलं, अंगमेहनत करणाराच इथं राहतो. दोन्हीकडे तुम्ही पागोटं काढून हातात धरलंत आणि मी दुसरीकडे बघत राहिलो.

रहिमतपूरच्या बाजारात तर तुम्ही दुकानादुकानासमोर गाडी थांबवता. "पोरगं लय गुणाचं हाय, पन त्याला परसाकडं न्यायला मानूस लागतंय. हाय का कोन?" बाया वळून बघतात. मी घोंगडी तोंडावर ओढतो आणि आतून खेकसतो, "गप बसा की आबा. मी तुमचा कोन न्हाई म्हनून सांगा." पुढच्या दुकानाकडे गाडी हाकता.

तिथं कापूस पिंजणारे एक चाचा उठून आले. तुम्हाला त्यांनी काही विचारलं नाही. घोंगडीजवळ वाकून मलाच म्हणाले, "फौजेच्या दवाखान्यात हेच काम केलंय मी. उचलू का?" बायको गेल्यावर त्यांच्या घरी कुणी उरलं नव्हतं. दोन वेळची भाकरी आणि निजायला जागा, एवढ्यावर ते आपल्याकडे यायला निघाले. परतताना गाडी त्यांनीच हाकली. तुम्ही वाटभर बोलला नाहीत. मला वाटलं, माझं बोलणं लागलं असेल. मग पाहिलं, तर बसल्या बसल्या तुमचा डोळा लागला होता.

पुढं तुम्ही गेलात, तेव्हा चाचांनी तुमच्या तिरडीला खांदा दिला. मला ओसरीवर बसवून ते गेले. पोरगा बापाच्या वाटेकडे डोळे लावून बसलाय, असं म्हणत बाया पदरानं डोळे पुसत होत्या. मला लघवीला लागली होती, आबा. तुम्हाला पोचवून चाचा कधी परततात, एवढंच मी बघत होतो.