बुटाची नाडी

जे. पी. नगर, बेंगळुरू

तीर्थरूप अण्णा,

तुमच्या आणि आईच्या पायांवर डोकं ठेवतो. आईचा गुडघा आता कसा आहे?

माझं इथे बरं चाललं आहे. आमच्या शाळेने नॉर्वेतल्या एका शाळेशी मैत्री केली आहे. दोन्हीकडे लहान मुलांना किती पुरुष शिकवतात याचा तक्ता करायचं काम मुख्याध्यापिकांनी मला दिलं. त्यांच्याकडे सात निघाले, आमच्याकडे मी एकटा. तुमच्या शाळेत सगळेच गुरुजी होते, हे ऐकून मॅडम हसल्या.

तक्त्यावरचा फोटो मीच निवडला. त्यात मी पहिलीतल्या वेदिकाच्या बुटाची नाडी बांधतो आहे. नॉर्वेवाल्यांना तो फार आवडला. इथे पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, “पहिलीच्या मुलींना हा माणूस कशाला?” मॅडम म्हणाल्या, “सर, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण स्वल्प, म्हणजे थोडे दिवस, गेटवर थांबा.”

काम हलकं आहे. सकाळचं ऊन मिळतं.

काल वेदिका गेटपाशी आली आणि पाय पुढे करून म्हणाली, “सर, नाडी.” मी हात पाठीमागे धरले आणि आयाला हाक मारली. ती येईपर्यंत वेदिका पाय तसाच पुढे ठेवून उभी होती.

“सर, तुम्हाला आता येत नाही का?”

“नाही,” मी म्हणालो.

गावात कुणी विचारलं तर योगीराज पहिलीला शिकवतो, असंच सांगा. तक्त्यात अजून तसंच आहे.

तुमचा,
योगीराज