दिव्याची पापणी

३ मार्च, सोमवार

बसवलं एकदाचं यंत्र! डब्याएवढं आहे. वर एक हिरवा दिवा, खाली कुलूप. शीतगृह होणार त्या मोकळ्या जागेवर, खांबाला लावलंय – म्हणजे माझ्याच दोन नंबरच्या फीडरवर, आमच्या गल्लीला वीज देणाऱ्या लाइनवर. पंधरा दिवस ते नुसतं मोजत बसणार, वीज किती वेळा गेली ते. पंचवीसच्या आत राहिलो तर शीतगृहाची कंपनी भांडवल इथं घालणार. नाहीतर यादीतलं दुसरं गाव.

साहेबांनी आम्हा चौघा ऑपरेटरांना उपकेंद्रात उभं करून भाषण दिलं. "भांडवल रस्ते बघत नाही, बाई, वीज बघतं!" जशी काही मी रस्त्यात उभी राहून भांडवलाला हात करणार होते. लोडशेडिंग आपल्या हातात थोडंच आहे? वरच्या केंद्रातून फोन येतो, 'दोन नंबर काढा', की आम्ही काढतो. हे साहेबांनाही ठाऊक आहे. पण भाषण करायचं म्हणजे करायचं.

शीतगृहाला थंड करणाऱ्या यंत्रांचा हेड मेकॅनिक लागणार. आमच्या बर्फोबांची मुलाखत झाली. "प्रकल्प झाला तर तुम्हीच" असं त्यांना सांगितलंय म्हणे. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यातली अकरा फोनवर. नवरा दूर परगावी नोकरीला; वर्षातून पंधरा दिवस येतो, घरातला फ्रिज दुरुस्त करतो आणि जातो. ह्या वेळी कायमचा येईल.

बास. जास्त लिहिलं तर माझीच दृष्ट लागायची.

४ मार्च, मंगळवार

दुपारची ड्यूटी. सव्वाचारला वरून फोन – "दोन नंबर, पाऊण तास." मी नेहमीसारखी पापणी लववली आणि दोन मिनिटांनी फीडर काढला.

ही पापणी काय ते नऊ वर्षांत वहीतसुद्धा नीट लिहिलं नाही. आज लिहिते. फीडर काढायच्या आधी मी तो एकदा बंद करून लगेच चालू करते. एक सेकंदाचं काम. दोन नंबरवरच्या सगळ्या घरांतले दिवे एकदा पापणी लववतात. मग मी घड्याळ बघून दोन मिनिटं थांबते आणि खरा काढते. तेवढ्यात ज्याला हातातलं जे खाली ठेवायचं ते ठेवता येतं. नियमात बसत नाही. कळलं तर माझी धडगत नाही.

कारण सासूबाई. नऊ वर्षांपूर्वी असाच फोन आला, मी नियमानं फीडर काढला, आणि त्या वेळी त्या आमच्या बिनखिडकीच्या जिन्यात होत्या. हातात धुण्याची बादली. अकरा पायऱ्या गडगडत गेल्या. खुबा मोडला. त्यांच्या उशापायथ्याशी बसणारी सून मीच, आणि त्यांच्या डोक्यावरचा दिवा घालवणारा हातही माझाच! मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

लोकांना वाटतं, दोन नंबरची लाइनच अशी सांगून जाणारी आहे. वाटू दे. पापणी माझी आहे हे, वहीबाई, तू आणि मी सोडून कुणाला माहीत नाही.

६ मार्च, गुरुवार

खालच्या सलूनवाल्यानं परत तेच विचारलं. "ताई, पुढच्या आठवड्यात ड्यूटी कुठली?" दर आठवड्याला! दिवसाची म्हटलं की खुलतो, रात्रीची म्हटलं की तोंड पाडतो. ह्या माणसाला माझ्या ड्यूटीचं काय पडलंय? परवा दातांच्या डॉक्टरांनीही विचारलं, तेही माझा जबडा उघडा असताना. काय उत्तर देणार, कप्पाळ!

सासूबाईंचं आणखी वेगळंच. ड्यूटीचा कागद घरी आणला की हातातून ओढून घेतात आणि खाली बाकावर मैत्रिणींत घेऊन बसतात. मी घरी कधी नसते ते अख्ख्या गल्लीला पाठ. चोरांची चांगली सोय केलीय.

८ मार्च, शनिवार

कंपनीची इंजिनिअर आली होती. पोरगेलीशी आहे, पाठीवर तिच्याहून मोठी बॅग. आम्ही तिचं नाव यंत्रवाली ठेवलंय. हिरवा दिवा बघितला, खूश झाली. म्हणाली, "फार इमानी यंत्र आहे, ताई. एक सेकंद गेली तरी मोजतं."

"एक सेकंद?"

"पाव सेकंदसुद्धा!" पोटच्या पोराचं कौतुक करावं तशी सांगत होती.

सोमवारपासून माझ्या सहा पापण्या झाल्यात. म्हणजे सहाचे बारा झाले. आणि बाकीच्यांच्या ड्यूटीतले वेगळे. हा विचार मला आधी कसा सुचला नाही? नऊ वर्षं मी पापणीला वीज गेली असं धरलंच नव्हतं कधी!

९ मार्च, रविवार

बर्फोबांचा फोन. पहिली दहा मिनिटं फ्रिजच्या तब्येतीची चौकशी, मग आईची, मग माझी. हा क्रम कधी चुकत नाही.

मी हळूच विचारलं, "समजा एक सेकंद वीज गेली आणि आली, तर शीतगृहाला काय होतं?"

त्यांनी आधी मागचा रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "कॉम्प्रेसरला तेच वाईट. तासभर गेली तर तो निवांत पडतो. सेकंदभर गेली तर आतला दाब तसाच असतो आणि त्याला परत उठायला लागतं. धापा टाकणाऱ्याला जिना चढायला लावल्यासारखं. जळतो." लगेच पुढे म्हणाले, "पण त्यालाही उपाय असतात. तू डोक्याला त्रास करून घेऊ नकोस. आजवर जसं करत आलीस तसंच कर."

मी म्हटलं, "काय तसंच करू?"

"सगळंच," म्हणाले. आणि फोन ठेवला. असा अर्धवट बोलणारा माणूस नाही तो. बहुतेक थकले असतील.

मला मात्र ठरवावं लागेल. उरलेले आठ दिवस पापणी बंद! आठच तर दिवस. अकरा वर्षांपुढे काय ते?

१० मार्च, सोमवार

सकाळची ड्यूटी. दोनदा फोन आला. दोन्हीदा न सांगता काढला. घरी येताना बघितलं तर सलूनवाला गिऱ्हाइकाच्या कानाला कापूस लावून उभा. माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घालून जिना चढले.

११ मार्च, मंगळवार

साडेदहाला फीडर काढला. पन्नास मिनिटं.

घरी आले तर सासूबाई नेहमीच्या जागी. शेजारीण सांगायला आली – सातव्या पायरीवर बसून होत्या म्हणे, काळोखात, वीज येईपर्यंत. हाक मारली नाही, काही नाही. दोन्ही हातांनी कठडा धरून.

मी विचारलं, "हाक का नाही मारलीत?" तर म्हणाल्या, "कशाला? बसले निवांत. तेवढीच विश्रांती." आणि मग माझ्या हाताला हात लावून, "तू जेवलीस का?"

त्यांचे तळवे अजून लाल होते. मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

१२ मार्च, बुधवार

पापणी लववली. मोजू दे त्या यंत्राला! अहो, मला माफ करा.

१५ मार्च, शनिवार

लववली. दोनदा.

१८ मार्च, मंगळवार

यंत्र उघडलं. छत्तीस.

पंचवीसच्या आत हवं होतं! साहेब खुर्चीत मट्‌कन बसले. मी उभीच होते. बर्फोबांची बॅग डोळ्यांपुढे आली – दर वर्षी निघताना चेन अडकते ती. आता पुढच्या वर्षीही अडकणार.

पण यंत्रवाली लांबलचक कागद टेबलावर पसरून बसली होती. म्हणाली, "गंमत बघा. ह्यातल्या तेरा वेळा वीज फक्त एक सेकंद गेलीय. आणि तेराही वेळा त्यानंतर बरोबर दोन मिनिटांनी मोठी गेलीय. कुणीतरी घड्याळ लावून केल्यासारखं."

साहेब घाईनं म्हणाले, "लाइन जुनी आहे हो." माझ्याकडे न बघता. आजवर त्यांनी माझी बाजू कधी घेतली नव्हती. आज का घेतली, देव जाणे.

"लाइन जुनी असेल तर छत्तीसच धरावे लागतील," ती म्हणाली. "कुणी मुद्दाम हातानं करत असेल आणि बंद करणार असेल, तर हे तेरा मी बाजूला काढू शकते. पण मग तसं सहीनिशी लिहून हवं."

तेरा गेले तर उरतात तेवीस. एवढं गणित मला भर झोपेतही आलं असतं.

१९ मार्च, बुधवार

लिहून दिलं. अर्धं पान. 'मी हे नऊ वर्षं स्वतःच्या मर्जीनं करत होते. पुन्हा करणार नाही.' खाली सही. यंत्रवालीनं विचारलं, "का करत होतात?" मी म्हटलं, "लोकांच्या हातात काही ना काही असतं." तिनं कागदावरच्या त्या तेरा ओळींवर एकेक रेघ मारली.

साहेब म्हणाले, "बाई, कशाला लिहिलंत? आता मला कारवाई करावी लागेल." आवाज असा, की कारवाई त्यांच्यावरच होणारे.

येताना जिन्यासाठी बॅटरीवर चालणारे दिवे घेतले. तीन. सासूबाईंनी एक हातात घेऊन उलटसुलट बघितला. "ह्याला काय कळतंय?" म्हणाल्या आणि ठेवून दिला. मी स्वतःच ठोकून बसवले. एक वाकडा बसलाय.

२७ मार्च, गुरुवार

झालं! शीतगृह इथंच! बर्फोबांना पत्रही गेलं, एकोणीस एप्रिलला येतायत. कायमचे! फोनवर आधी गाडीची वेळ लिहून घेतली. शेवटी ते म्हणाले, "फ्रिज बरा आहे ना?" आणि मी हसता हसता रडले.

माझाही कागद आला. मला फीडरच्या बोर्डावरून काढलं. नोकरी राहिली, साहेबांनी शब्द टाकला म्हणे. एक तारखेपासून तक्रारींच्या टेलिफोनवर बसायचं. बोर्डाच्या त्या हँडलवर नऊ वर्षांत माझ्या अंगठ्याची जागा पडलीय. निघताना पदरानं पुसलं. घरात मात्र कारण सांगितलं नाही. बदली झाली एवढंच म्हटलं.

१ एप्रिल, मंगळवार

तक्रारींच्या टेबलावरचा पहिला दिवस. नऊला पहिला फोन – सलूनवाला. "ताई, तक्रार नाही. तुम्हाला बोर्डावरून काढलं का? गेले दहा-बारा दिवस तुमच्या ड्यूटीतही न सांगता जातेय, म्हणून विचारलं." दुसरा फोन दातांच्या डॉक्टरांचा. "तुमच्या ड्यूटीत मी कठीण दात घ्यायचो. आता कसं करायचं?" दुपारपर्यंत अकरा फोन. सगळ्यांना माहीत होतं! आणि एकानंही नऊ वर्षांत तोंड उघडलं नाही. का, तर माझी नोकरी जाईल म्हणून.

घरी येऊन सासूबाईंपुढे बसले. त्यांनी मान वरही केली नाही. "तू ड्यूटीवर असलीस की दिवा सांगून जायचा, दुसरं कुणी असलं की नुसता जायचा. मला काय कळत नाही? तो कागद मी बाकावर कशाला न्यायचे?"

"आणि ह्यांना?"

"त्याला मी पहिल्याच वर्षी सांगितलं. म्हटलं, तुझी बायको माझ्यासाठी दिव्याला डोळा मारायला लावते."

रात्रीचं जेवण झाल्यावर नऊ मार्चचं पान काढून परत वाचलं. 'आजवर जसं करत आलीस तसंच कर.' माहीत असून म्हणाले होते.