शिंप्याने दाखवलेली जागा

सोमवार, ३
निवृत्त बाईला कोण विचारतं? या दवाखान्याने विचारलं! कुष्ठरुग्णांच्या नसांची तपासणी करायला मी आले. खोली लख्ख, खिडकीशी टेबल, चहा गरम. काम सोपं: रुग्णाने डोळे मिटायचे, मी तळहाताला नायलॉनचा दोरा टेकवायचा, स्पर्श कळला तर त्याने तिथे बोट ठेवायचं. आधीच्या बाई म्हणे डोळे उघडेच ठेवू देत. मग काय, सगळे पास! प्रार्थनेत बोटांच्या फटीतून बघणाऱ्याला आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पट्टी मिळायची. वॉर्डातले शिपाई मामा म्हणाले, निदान शिंप्याला डोळे मिटायला लावू नका, बाई. मी म्हटलं, मला अक्कल शिकवू नका.

बुधवार, ५
शिंपी इथला सर्वांत जुना रुग्ण. हातपाय लाकडासारखे बधिर. मी अंगठ्याला दोरा टेकवला, त्याने करंगळीच्या मुळाशी बोट ठेवलं आणि कळवळला. कार्डावर ‘चूक’ लिहिलं. नाटकं पुरे, म्हणून झापलंही.
तासाभराने स्वयंपाकीणबाईंची करंगळी भाजी कापायच्या यंत्राने मुळासकट तोडली. कोपरापर्यंत रक्त, आणि बाई हसतायत. म्हणाल्या, अगं बाई, मला लागलंच नाही की!

शुक्रवार, ७
योगायोगाला मी भीक घालत नाही. पुन्हा तपासलं. मी बोटाला दोरा टेकवला. त्याने तळपाय धरून किंकाळी फोडली.
दुपारी मामा जिना चढून आले. तळव्यातून लोखंडी गज आरपार, पावलागणिक फरशीवर खणखण. कसला आवाज येतोय, असं मलाच विचारत होते.

शनिवार, ८
शिंप्याने हात जोडले. म्हणाला, मी काही करत नाही. डोळे मिटले की दुसऱ्याला होणारी वेदना आधीच माझ्यात शिरते. मग त्या माणसाला जखम कळतच नाही.
थोतांड! म्हटलं, मिटा डोळे. दोरा माझ्या हातातच होता, तोच त्याने स्वतःचा गळा धरला. कुणाचा, विचारलं. त्याने माझ्याकडे बोट—

दुपार
कडी लावली. कात्री, ब्लेड, आरसा, धारेचं सगळं खिडकीबाहेर भिरकावलं. आरशाने खिडकीची काच फुटली, तुकडे उडाले, एवढंच. मी ठणठणीत.
पलीकडे शिंपी ओरडतोय. ओरडू दे.

डोळे मिटून गळ्याला दोरा टेकवून पाहिला.
कळला नाही.
पुन्हा—

कॉलर ओली. पानावर टपटप—
मामा दार ठोठावतायत. बाई, ठीक आहात ना, विचारतायत. मी ओ देतेय, पण आवाजच—