टिडमोर कुटुंबाचं गाणं बंद करण्याबाबत

मी, व्हर्बीना टिडमोर गँट, राहणार पाइन हॉलो, अलाबामा, धंदा चर्चची गॉस्पेल भक्तिगीतं गाणं व पियानो वाजवणं, लिहून ठेवते की माझी बोटं वाकडी झाली असली तरी डोकं शाबूत आहे. हे मी राजीखुशीने लिहीत आहे, कोणी भरीस घातलेलं नाही. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम एक. राहतं घर आणि मागची पीचची बाग माझी एकुलती मुलगी अर्लेटा हिला, विनाअट. हेच घर डॅडींनी मला दिलं तेव्हा अट घातली होती, की टिडमोर कुटुंबाचं गाणं चालू राहिलं तरच. नाहीतर घर चर्चला. त्या एका वाक्यापायी गावोगाव गात फिरत माझा जन्म बसमध्ये गेला. शनिवारी कुठल्यातरी शाळेचा हॉल, रविवारी चर्चमागच्या झाडाखाली सगळ्यांबरोबर तळलेली कोंबडी, की लगेच पियानो. लोक उठून उभे राहिले की ध्रुवपद पुन्हा, आणि दर खेपेला पट्टी अर्धा सूर वर. मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण सोडायची मुभा नव्हती, आणि पुढे अर्लेटालाही माझ्यापायी राहिली नाही.

कलम दोन. बस भंगारात द्यावी. कोणी गाणारी मंडळी मागायला आली तरी देऊ नये, त्यांचं वाईट कशाला चिंतू.

कलम तीन. पियानो चर्चच्या मुलांना. त्यावरचं टकटक करून लय दाखवणारं यंत्र मात्र आमचे गायनप्रमुख ब्रदर ड्वाइट पर्नेल यांना. "सिस्टर व्हर्बीना, जरा दमानं. हे चर्च आहे, गुत्ता नव्हे," असं ते सगळ्यांदेखत म्हणत आले. त्यांनी ते स्वतःच्या लयीला लावून पाहावं, काटा हलतो का ते.

कलम चार. 'टिडमोर फॅमिली सिंगर्स' हे नाव माझ्याबरोबर संपेल. डॅडींची अट माझ्या हयातीपुरतीच होती, असं वकिलांनी या उन्हाळ्यात कागद वाचून सांगितलं. मी तशीच बागेत गेले. अर्लेटा पीच उतरवत होती.

"माझ्यामागे तुला गायलाच पाहिजे असं काही नाही गं," मी म्हटलं.

"ममा, चेष्टा करतेस?"

"नाही."

"आणि आजोबांना काय तोंड दाखवू?"

"त्यांचं मी बघते. आधी मीच भेटणार आहे त्यांना."

ती टोपलीशेजारी मटकन बसली आणि हसत सुटली. मग मीही. देवा, किती हलकं वाटलं म्हणून सांगू. तेव्हापासून मला झोप चांगली लागते.

कलम पाच, माझा दफनविधी. गाणाऱ्या घरातलं माणूस गेलं की घरच्यांनीच गायचं, ही आमच्याकडची रीत. माझा नवरा होबार्ट गेला तेव्हा मी त्याच्या शवपेटीशेजारी पियानोवर होते आणि अर्लेटा तोंडभर हसू ठेवून बापाच्या आवडीचं गाणं गात होती. "काय धीराच्या बायका," लोक म्हणाले. धीर कसला डोंबलाचा! गळा भरून आला तर सूर जातो, म्हणून आम्ही रडलो नाही. नंतर रडायला बसलो तर जमेना.

म्हणून सक्त ताकीद देते. त्या दिवशी अर्लेटाने गाऊ नये, वाजवू नये, आलेल्यांचे आभारसुद्धा मानू नयेत. गाणी गाववाले म्हणतील, बेसूर म्हटली तरी चालतील. "एकच कडवं म्हण गं" असं म्हणत कोणी तिला उठवायला आलं, तर दोन्ही साक्षीदारांनी त्याला दंडाला धरून बाहेर न्यावं. तिने पहिल्या बाकावर बसावं आणि आईसाठी पोटभर रडावं.

वरील सर्व मी स्वतः मोठ्याने वाचून पाहिलं. एक शब्दही बदलायचा नाही.

सही: व्हर्बीना टिडमोर गँट

बाईंनी आमच्यासमोर सही केली. दंडाला धरण्याचं काम आम्हाला मान्य आहे.

साक्षीदार: १. ओडेल क्रम्प्टन, शेजारी
२. मोझेल हायटावर, शेजारीण

स्थळ: पाइन हॉलो, अलाबामा
तारीख: ९ ऑक्टोबर १९९८