कुसुमनं केलेली प्रार्थना

ता. ३ ऑगस्ट, रविवार
आज चर्चमध्ये प्रभुभोजन. सगळे उठून वेदीपुढे गेले, मी बाकावरच. सलग दुसरा महिना. मनात कुणाबद्दल अढी असेल तर भाकर-प्याला घ्यायचा नाही, हे आईनं लहानपणापासून बिंबवलेलं. मंडळीत बसून राहिलं की सगळ्यांना कळतं, हिचं कुठंतरी बिनसलंय.
कुसुम पुढच्याच बाकावर. ती गेली, गुडघे टेकले, डोळे पुसत परत आली. मला रागच आला. वेदीसमोर बसून राग येतो म्हणजे मी किती... जाऊ दे.
घरी वरण-भात. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो.

ता. ५, मंगळवार
दुपारी आडवी झाले की तेच आठवतं. जूनमधली घरसभा. रूथनं नवऱ्याचं घर सोडलं, नांदगावला खोली घेऊन राहते, हे मी फक्त कुसुमला सांगितलं होतं. पोरीनं बजावलं होतं, "आई, मंडळीत कुणाजवळ बोलू नकोस." पण तीस वर्षांची मैत्रीण. पोटात मावेना, सांगून बसले.
आणि ह्या कुसुमबाईंनी घरसभेत डोळे मिटून, हात वर करून: "प्रभू, आमच्या शालिनीच्या रूथचा मोडलेला संसार तुझ्या हाती देते." नावानिशी! वीस माणसं होती. चालू प्रार्थनेत कुणाला थांबवता येतं का? शेवटी सगळ्यांबरोबर मीपण आमेन म्हटलं. सवयीनं.
चार दिवसांत रूथच्या कानावर. फोनवर एकच वाक्य, "तुला सांगितलं हीच माझी चूक." तेव्हापासून फोन उचलत नाही.

ता. १४, गुरुवार
रूथला मेसेज केला, जेवलीस का? दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.
भगिनी मंडळाला गेले नाही. कुणी चौकशीला येऊ नये म्हणून दार लावून बसले, आणि कुणी आलं नाही म्हणून रडले. चाळीस वर्षं दवाखान्यात सिस्टर म्हणून लोकांच्या उशाशी बसले. हे गेल्यापासून माझ्या उशाशी रेडिओ.
खरं सांगायचं तर कुसुमची आठवण येते. तिच्याबद्दलचा राग तिलाच सांगावा असं वाटतं, दुसरं आहे कोण?

ता. २४, रविवार
पाळकसाहेब चहाला आले. न राहवून त्यांना सगळं सांगितलं.
"शालिनीबाई, कुसुमबाईंना क्षमा करायला किती वेळ लागेल?"
"तिनं मागितली तर पाच मिनिटं."
ते हसले नाहीत. म्हणाले, "रूथनं तुम्हाला क्षमा करावी असं वाटतं ना?"
मी बिस्किटं पुढे केली.
ते गेल्यावर बराच वेळ कप तसेच. रूथचा शब्द आधी मी मोडला, कु.नं नंतर. हे लिहायला मला अडीच महिने लागले.

ता. ६ सप्टें., शनिवार
उद्या प्रभुभोजन, म्हटलं त्याआधी उरकून टाकू. आज विसर्जन, सातपूरच्या अलीकडेच रिक्षावाल्यानं उतरवलं. ढोल-ताशांतून वाट काढत कु.कडे.
"अगं बाई! ये, ये." पाणी दिलं, पोहे टाकले. मी पाठ करून गेलेलं बोलले, "कुसुम, मी तुला माफ केलं."
"मला? कशापायी?"
सांगितलं. चेहराच उतरला तिचा. ती कळवणकडची, मनाला लागलं की गावचं बोलणं येतं. "मी वाईट काय केलं गं? देवापुढंच तं मांडलं. तुझी पोर माझी नाय का? अन् तू माझ्यामुळं प्याला सोडला? मला वाटलं पोरीच्या काळजीनं बसतीस. एका शब्दानं बोलली नाय. आता लय मोठ्या मनाची होऊन माफ करायला आली."
पोहे तसेच राहिले. दरवेळी कोपऱ्यापर्यंत सोडायला येते, आज आली नाही. क्षमा करायला गेले आणि भांडून आले. आवाज माझाच तसा होता, वॉर्डात नातेवाइकांना दटावायची तसा.

ता. ७, रविवार
आमचा बाक उठला, मीपण उठले. मनात राग शोधला, सापडला नाही. हलकं वाटलं. मधल्या वाटेनं दोन पावलं गेले तर कु. बसलेली. पदर डोक्यावर, मान खाली. तीस वर्षांत तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.
मागचे खोळंबले. साहेबांनी वेदीवरून पाहिलं, मी येईन म्हणून थांबले. मी बाजूला झाले आणि कु.च्या बाकावर जाऊन बसले. "चुकले गं मी," म्हटलं, हळूच. गीत चालू होतं, तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.
 तिनं सरकून जागा दिली नाही, पण उठून गेली नाही. सगळे प्याला घेऊन आपापल्या जागी परतले. साहेबांनी एकदा आमच्याकडे बघितलं, मग प्याल्यावर पांढरं फडकं घातलं, प्रभुभोजन संपलं. आम्ही दोघी बसूनच.