पंधरा ठिपके

३ फेब्रुवारी, सोमवार

बावन्न येणार म्हणजे येणारच! हवी तर पैज लावा.

पंधरा ठिपके एका ओळीत. तीन-तीनचे गट पाडायचे, प्रत्येक गटातल्या ठिपक्यांमध्ये सारखं अंतर, एकही ठिपका सुटता कामा नये. किती तऱ्हा? तीन ठिपक्यांना एक, सहाला दोन, नऊला पाच, बाराला पंधरा — सगळ्या मी हाताने काढल्यात. एक, दोन, पाच, पंधरा! ही तर नावाजलेली मालिका, पुढचा आकडा बावन्न. विश्राम सर म्हणाले, "पंधरा ठिपक्यांचे बावन्न दाखव, मेघना, पीएचडीला घेतो तुला." इतकी वर्षं डोंबिवलीत क्लासच्या पोरांना त्रैराशिक शिकवतेय. आता पुरे!

४ फेब्रुवारी

सुमित, माझा धाकटा भाऊ, सगळ्यातलं सगळं कळतं त्याला! म्हणे, "ताई, कॉम्प्युटरला सांग ना, एका सेकंदात देईल." अरे, देईल. पण मला दिसायला हवंय ते.

६ फेब्रुवारी

शेहेचाळीस. परत तपासलं, शेहेचाळीसच. सहा कुठेतरी लपलेत. सापडतील, घाबरत नाही मी.

७ फेब्रुवारी

टिटवाळ्याहून आईचा फोन. त्यांच्या बिल्डिंगला आता दोन दिवसाआड पाणी. "काल आलेलं." मी म्हटलं, म्हणजे उद्या मशीन लाव. "उद्या कुठलं? परवा! दोन दिवसांनी नाही गं, दोन दिवसाआड! आणि म्हणे गणित शिकवते."

फोन ठेवला आणि धावत कागदांकडे. माझी अंतरं अशीच लिहिलीत — शेजारी, एकाआड, दोनाआड… शेवटचं सहाआड हवं: पहिला, आठवा, पंधरावा. आणि मी थांबले सहाच्या अंतरावर, म्हणजे पाचाआड! हा गट घेतलाच नाही कुठे. बावळट! पण असला आनंद झालाय — ते सहा इथेच असणार.

८ फेब्रुवारी

नऊ निघाले. सहा नाही, नऊ. पंचावन्न!

दुपारभर दोनदा मोजलेले तीन शोधत बसले. एकही नाही. तीन गुपचूप गाळले तर सरांना कळणारही नाही, असंसुद्धा मनात येऊन गेलं. शी! रडले. मग चहा केला. मालिका ती नाहीच. पण पंचावन्न बरोबर आहेत, आणि ते मी काढलेत.

९ फेब्रुवारी, रविवार

सरांना फोनवर सांगून टाकलं — पंचावन्न, दावा चुकला. केवढे वैतागले! "म्हणजे आता तुझ्या प्रबंधाचं नाव बदलायला लागणार."

प्रबंधाचं! माझ्या!